सम्प (मत्स्यालय)

हा लेख मत्स्यालयाच्या जोडटाकीविषयी आहे. कामबंद आंदोलन या अर्थासाठी पाहा: संप.

सम्प म्हणजे मत्स्यालयाच्या मुख्य टाकीखाली, बहुधा तिच्या कपाटातच, ठेवलेली जोडटाकी होय. मुख्य टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने सम्पमध्ये उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढवले जाते. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयांत ही रचना विशेष प्रचलित आहे. वीज गेल्यावर किती पाणी खाली येईल, हे मुख्यतः नळांच्या तोंडांच्या उंचीवरून ठरते. त्यामुळे सम्पच्या नळजोडणीत पुढे जे बदल करावे लागतात, त्यांपैकी बरेचसे याच प्रश्नाशी निगडित असतात.

रचना

मुख्य टाकीच्या एका कडेला दातेरी काठाची पेटी असते. पाण्याची पातळी काठाच्या वर गेली की जास्तीचे पाणी पेटीत सांडते व उतरत्या नळाने सम्पमध्ये जाते. ब्रह्मपुरीसह चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत आढळणाऱ्या माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलावांच्या सांडव्याचे तत्त्वही हेच आहे. सांडव्याच्या काठापर्यंत पाणी साठते. त्यावरचे वाहून जाते.

सम्पचे सामान्यतः तीन कप्पे असतात. पहिल्यात गाळणी व फेस काढणारे यंत्र, दुसऱ्यात जिवाणूंना आधार देणारे दगड व तिसऱ्यात परतीचा पंप असतो. बाष्पीभवनाने होणारी घट मुख्य टाकीत दिसत नाही, ती तिसऱ्या कप्प्यात दिसते.

वीज गेल्यावरचा प्रवाह

पंप थांबल्यावर परतीच्या नळातून उलटा प्रवाह सुरू होतो. नळाचे वरचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी खाली ओढले जाते व तोंड उघडे पडून नळात हवा शिरेपर्यंत ओढले जात राहते.

उदाहरणार्थ, १२० सेंमी लांब व ४५ सेंमी रुंद टाकीत पाण्याचा १ सेंमी थर म्हणजे ५.४ लिटर पाणी. नळाचे तोंड पृष्ठभागाच्या १० सेंमी खाली असेल, तर ५४ लिटर पाणी खाली येईल. ९० सेंमी लांब व ४० सेंमी रुंद सम्पमध्ये त्यामुळे पातळी १५ सेंमीने वाढेल. तेच तोंड २ सेंमी खोलीवर आणल्यास १०.८ लिटर पाणी उतरेल व सम्पची पातळी केवळ ३ सेंमीने वाढेल. नळांतील व पेटीतील पाणी यात निराळे मिळवावे लागते. सम्प किती रिकामा ठेवायचा, हे या बेरजेवरून ठरते.

नळजोडणीतील बदल

परतीचा नळ: तोंड पृष्ठभागाजवळ आणणे हा सर्वांत खात्रीचा बदल होय. पृष्ठभागाच्या किंचित खाली नळाला छिद्र पाडल्यास पातळी तेथवर येताच हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. मात्र शेवाळाने छिद्र बुजू शकते. एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडपही क्षार किंवा कचरा साठल्यास पूर्ण बंद होत नाही. म्हणून केवळ या दोहोंवर भिस्त ठेवू नये.

उतरता नळ: एकच नळ असल्यास तो तुंबताच मुख्य टाकी भरून वाहू शकते. यावर उपाय म्हणून अधिक उंचीवर तोंड असलेला दुसरा, आपत्कालीन नळ बसवतात. मुख्य नळाला प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह चालतो. आपत्कालीन नळाला कोणताही व्हॉल्व्ह लावत नाहीत. मुख्य नळाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात थोडेसेच बुडवतात. ते खोल बुडाल्यास वीज परतल्यावर नळात अडकलेली हवा बाहेर पडण्यास अडथळा होतो.

पंपाचा कप्पा: उतरते नळ तुंबले तरी पंप आपल्या कप्प्यातील पाणी वर चढवीतच राहतो. हे पाणी १५ लिटर असेल, तर वरील मापाच्या टाकीत काठाखाली सुमारे २.८ सेंमी जागा मोकळी हवी.

साहित्य: पीव्हीसी नळ व दोन्ही बाजूंनी सुटणारे युनियन जोड वापरल्यास पंप काढून साफ करता येतो. पितळी व्हॉल्व्ह टाळतात, कारण त्यांतून सुटणारे तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी ठरते. लोखंडी भाग खाऱ्या पाण्याने गंजतात.

बदल केल्यानंतर पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठे स्थिरावते ते पाहतात व सम्पवर त्या पातळीची खूण करतात. त्यानंतर पंप पुन्हा सुरू करून प्रवाह आपोआप पूर्ववत होतो का, हेही तपासले जाते.

समुद्रापासून दूरचा उष्ण प्रदेश

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर सुरू झाले. ब्रह्मपुरीसारख्या अंतर्भागातील गावी मात्र खारे पाणी घरीच तयार करावे लागते. शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून क्षारता लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम राखतात. सम्प ओसंडल्यास फरशी भिजते, शिवाय हे तयार केलेले पाणीही वाया जाते.

ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात तापमान ४५° सेल्सिअसच्या वर जाते; प्रवाळांना साधारण २४° ते २७° तापमान मानवते. सम्पवर पंखा लावल्यास विदर्भातील घरोघरच्या कूलरप्रमाणे बाष्पीभवनाने पाणी थंड होते. १ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती सर्व पाण्यातूनच घेतली गेल्यास २०० लिटर पाणी जवळपास ३ अंशांनी निवते. पावसाळ्यातील दमट हवेत हा परिणाम घटतो.

बाष्पीभवनात मीठ मागेच राहते. २०० लिटरपैकी १० लिटर पाणी उडाल्यास क्षारता ३५ वरून सुमारे ३६.८ ग्रॅम होते. म्हणून ही तूट गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरतात. पंपाच्या कप्प्यात तरंगता स्विच बसवल्यास भरणी आपोआप होते. वीज गेल्यावर वरून उतरलेल्या पाण्याने कप्प्याची पातळी वाढते व स्विच बंदच राहतो.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: समुद्राच्या पाण्यात २५° ला लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, तर ३२° ला सुमारे ६ मिलिग्रॅम. त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेल्यास पाणी सांडण्याबरोबरच मासे गुदमरण्याचाही धोका असतो. योग्य नळजोडणीने पहिला धोका टळतो. दुसऱ्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टर लागतो.