सव्वाचार इंच

पूल टेबलाची परीक्षा दोन बॉलांनी घेता येते. पूलचा बॉल सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. असे दोन बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्ही आत सरकून वर अर्धा इंच जागा उरली, तर पॉकेट पाच इंचांचं. दोन्ही कुशनच्या टोकांना घासत कसेबसे बसले, तर साडेचार इंचांचं. एकाच वेळी दोघं मावलेच नाहीत, तर त्याहून लहान. माणमधल्या आमच्या घरच्या आठ फुटी टेबलावर आता दुसरा बॉल बाहेर राहतो. टेबल नव्यानं बांधून घेताना त्याची पॉकेटं पाच इंचांवरून सव्वाचार इंचांवर आणली. कागदावर फरक पाऊण इंचाचा आहे. खेळात मात्र त्यानं बॉलचा वेग, फटक्याची निवड आणि क्यू बॉल पुढे कुठे थांबवायचा याचा विचार, सगळंच बदललं.

मुळशी तालुक्यातलं माण आज हिंजवडीच्या जोडीनं ओळखलं जातं. राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या जमिनीवर उभा आहे आणि हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा डेपोही इथेच आहे. भातखाचरांच्या जागी मोठी गृहसंकुलं आली आणि त्यांच्या क्लबहाऊसात जिम, कॅरम, टेबल टेनिस यांच्या रांगेत पूल टेबलही आलं. काहींनी ते घरात आणलं. पुण्यात हा खेळ पूर्वी पूना क्लब किंवा पीवायसी हिंदू जिमखाना यांच्यासारख्या क्लबांच्या दालनांत असे. तिथे गुण मांडणारा, क्यूची टिप बसवणारा आणि नवख्याला स्टान्स शिकवणारा मार्कर असायचा. घरच्या टेबलाला मार्कर नसतो. कापड झिजलं, कुशन मंदावलं, टेबल एका बाजूला कललं, तरी सांगणारं कुणी नसतं. खेळणारे नकळत त्या दोषांना सरावतात. म्हणून टेबल दुरुस्त झालं की त्यांना आपलाच खेळ परका वाटू लागतो.

टेबल उघडल्यावर

चांगल्या टेबलाचा जीव त्याच्या दगडात असतो. हिरव्या किंवा निळ्या कापडाखाली स्लेटच्या लाद्या असतात. १८२६च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी लाकडी पृष्ठभागाऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात रबराचं कुशन आणलं. चार्ल्स गुडइयर यांच्या व्हल्कनायझेशनमुळे ते रबर थंडीत कडक आणि उन्हाळ्यात मऊ होणं थांबलं. आजचं टेबल मुळात त्याच रचनेवर उभं आहे. आपल्याकडे स्वस्त टेबलांत स्लेटऐवजी मार्बलही वापरतात. आठ-नऊ फुटी टेबलाची स्लेट बहुधा तीन तुकड्यांत येते. बहुमजली इमारतीत टेबल चढवता येतं ते त्यामुळेच, कारण अखंड लादी कुठल्याच लिफ्टमध्ये मावणार नाही.

नूतनीकरणात कारागीर सहाही रेल्स काढतो, जुनं कापड उचकटतो आणि तिन्ही लाद्या पुन्हा समतल करतो. साधी लेव्हल त्याला पुरत नाही. मशिनिस्टची बारीक लेव्हल लावून, पायांखाली आणि लाद्यांखाली पातळ पाचरी सरकवत तो काम करतो. सांध्यांत मेण ओतून, खरवडून पृष्ठभाग एकसंध केला जातो. त्यावर लोकरीचं नवं कापड ताणून बसवतात. कुशनचं रबर कडक झालं असेल तर तेही बदलतात. कुशनचं नाक, म्हणजे बॉल जिथे आदळतो ती धार, बॉलच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के उंचीवर असावी लागते. त्याहून खाली असेल तर जोरात आलेला बॉल उडी मारतो. वर असेल तर बॉल कापडात दाबला जाऊन वेग गमावतो.

पॉकेट अरुंद करायचे दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्गात पॉकेटच्या दोन्ही कडांना रबराच्या जाड पट्ट्या, म्हणजे फेसिंग, एकावर एक चिकटवतात. जागा कमी होते, पण पट्ट्यांचा थर मऊ राहतो आणि आत जाऊ पाहणारा बॉल तिथे मरतो किंवा विचित्र दिशेला उसळतो. दुसऱ्या मार्गात रेलच्या लाकडाला टोकाशी नवा तुकडा जोडून तो योग्य कोनात कापतात आणि त्यावर लांब कुशन व नेहमीच्या जाडीचं फेसिंग लावतात. हे काम वेळखाऊ आहे, पण टेबलाची लय त्यातच टिकते.

आमच्याकडे आलेल्या कारागिरानं मापं घेण्याआधी विचारलं, "घरात लहान मुलं खेळतात का?" रुंदी ठरवण्याआधी विचारायला हवा असा हा पहिला प्रश्न आहे. चार इंचांचं पॉकेट सरावलेल्या खेळाडूला उत्तेजन देतं, पण दहा वर्षांच्या मुलाला तासभर एकही बॉल न घालता परत पाठवतं. आमच्याकडे मोठ्यांचा सराव आणि मुलांचा उत्साह दोन्ही राखायचे होते, म्हणून सव्वाचार ठरले.

कोन आणि कडा

पॉकेटच्या रुंदीइतकाच त्याच्या कडांचा कोन महत्त्वाचा आहे. जागतिक संघटनेच्या नियमांत कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार ते ४.६२५ इंच आणि मधल्या पॉकेटचं पाच ते ५.१२५ इंच सांगितलं आहे. कोपऱ्यात कुशन आणि पॉकेटची कड यांच्यातला कोन १४२ अंशांचा असावा. हा कोन १३५ अंश असता तर दोन्ही कडा समांतर राहिल्या असत्या. १४२ अंशांमुळे त्या आत जाताना दोन्ही बाजूंनी सात-सात अंशांनी जवळ येतात. मध्यावर न आलेला बॉल एका कडेवर आदळून दुसऱ्या कडेकडे जातो. वेग कमी असेल तर दुसऱ्या आघातानंतरही तो पुढे सरकून खाली पडतो. वेग जास्त असेल तर दोन-तीन वेळा आपटून बाहेर येतो. रुंद पॉकेटातही हे घडतं, पण तिथे बहुतेक बॉल कडेला न लागताच पडतात. अरुंद पॉकेटात कडेला लागणाऱ्या बॉलांची संख्या वाढते आणि त्यामुळे वेगाचं महत्त्वही वाढतं.

थोडं गणित केलं की चित्र स्पष्ट होतं. पाच इंचांच्या पॉकेटात बॉल मध्यावरून आला तर दोन्ही बाजूंना जवळपास १.३८ इंच मोकळे असतात. सव्वाचार इंचांत नेमका एक इंच उरतो. म्हणजे सरळ फटक्यातली चुकीची मुभा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. पॉकेटपासून पाच फुटांवर असलेल्या बॉलच्या दिशेत आधी सुमारे १.३ अंशांची चूक चालायची, आता एक अंशाहूनही किंचित कमी चालते. क्यू बॉल या बॉलपासून अडीच फुटांवर असेल तर क्यूच्या दिशेतली चूक टक्करीनंतर बारा पटींहून अधिक वाढते. म्हणजे हातात उरलेली मुभा अंशाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ही मुभा आधीही लहानच होती, आता ती आणखी लहान झाली इतकंच.

कुशनला चिकटलेल्या बॉलचं गणित मात्र वेगळं आहे. असा बॉल कुशनच्या कडेनं कोपऱ्याकडे निघाला की समोरच्या कुशनचं टोक आणि बॉलची बाहेरची कड यांच्यामध्ये पाच इंचांच्या पॉकेटात सुमारे १.३ इंच जागा असते. सव्वाचार इंचांच्या पॉकेटात ती पाऊण इंचावर येते. सरळ फटक्यात घट २७ टक्के, इथे ४० टक्क्यांहून अधिक. टेबल अरुंद झाल्यावर सगळ्यात आधी हाच फटका हुकतो, यात नवल नाही. तो सुधारण्याचा उपाय एकच: बॉल इतक्या संथपणे सोडायचा की पॉकेटशी पोहोचता पोहोचता तो जवळजवळ थांबलेला असेल.

वेग, मग निवड

नूतनीकरणानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक गोंधळ आणखी होतो: एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात. नव्या लोकरी कापडावर बॉल जुन्याहून जास्त घसरतो आणि लांब जातो. कुशनवरून परतताना तो लांबचा कोन घेतो आणि खालच्या फिरकीनं मारलेला क्यू बॉल भराभर मागे येतो. त्यामुळे फटका हुकला की दोष पॉकेटचा की कापडाचा हे कळत नाही. दोन्ही वेगळे काढण्यासाठी आधी पॉकेटं बाजूला ठेवावीत. क्यू बॉल लांबच्या कुशनवर मारून परत आपल्या बाजूच्या कुशनपाशी थांबवण्याचा सराव करावा. वेग हातात बसला की मग बॉल पॉकेटपासून एक फुटावर, नंतर दोन, नंतर चार फुटांवर ठेवून सरळ फटके मारावेत. बॉल नेहमी स्वच्छ पुसलेले हवेत, कारण मळकट बॉल टक्करीत एकमेकांना जास्त ओढतात आणि बॉल ठरल्या रेषेवरून थोडा ढळतो.

वेगानंतर बदलते ती निवड. रुंद पॉकेटात एक सोय असते. बॉल मध्यात न पाठवता उजव्या किंवा डाव्या भागात पाठवायचा आणि त्यामुळे क्यू बॉल थोडा वेगळ्या दिशेला न्यायचा. अनुभवी खेळाडू पुढच्या बॉलची जागा बऱ्याचदा अशीच साधतात. सव्वाचार इंचांत ही सोय जवळजवळ संपते. आता क्यू बॉलची जागा वेगानं आणि वरच्या-खालच्या फिरकीनंच साधावी लागते. बाजूची फिरकी जपून वापरावी लागते, कारण ती क्यू बॉललाही थोडं ढकलते. म्हणून खेळणारा पुढच्या बॉलसाठी जवळची, सोपी जागा शोधू लागतो. कुठे पॉट मारायचा आणि कुठे क्यू बॉल नुसता सुरक्षित ठेवायचा, हेही तो आधी ठरवतो. रुंद टेबलावर मोठे फटके खेळून जिंकणाऱ्याला हे जड जातं. शांतपणे खेळणाऱ्याची मात्र पहिल्यांदा योग्य कदर होते.

पॉकेट किती अरुंद असावं

हा प्रश्न घरापुरता नाही. रशियात लोकप्रिय असलेल्या पिरामिड बिलियर्ड्समध्ये बॉल ६८ मिलिमीटरचा आणि कोपऱ्याचं पॉकेट ७२ ते ७३ मिलिमीटरचं असतं. बॉल आत गेला तर चारेक मिलिमीटर उरतात, आणि त्या खेळाची सगळी संस्कृती या अरुंदपणावर उभी आहे. अलीकडच्या काही व्यावसायिक नऊ-बॉल स्पर्धांत चार इंचांची पॉकेटं वापरली जातात, कारण उत्तम खेळाडू साडेचार इंचांत फारसे चुकतच नाहीत. स्नूकरमध्ये बॉल ५२.५ मिलिमीटरचा असतो, पॉकेटच्या कडा गोलाकार असतात आणि जोरात आलेला बॉल त्यांवरून बाहेर फेकला जातो. वेगाला दाद न देणाऱ्या पॉकेटाची सवय भारतीय क्लबांतल्या खेळाडूंना त्यामुळे आधीपासूनच आहे.

या खेळांचं भारताशी नातंही जुनं आहे. स्नूकर १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्यानं घडवला आणि त्याचे नियम उटीच्या क्लबात लिहिले गेले. १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले आणि १९६४मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते विजेतेपद पुन्हा मिळवलं. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय म्हणून ते ओळखले जातात. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद जिंकलं. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदं मिळवणारे पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्यातलाच, १९८५चा. या परंपरेत आजच्या घरगुती टेबलाचंही एक स्थान आहे. ज्या मुलाला क्लबाचं सदस्यत्व मिळणार नाही, त्याचा पहिला क्यू अशाच टेबलावर हातात येतो. म्हणून टेबल खरं बोलणारं असावं, असं मला वाटतं.

मुळशीतलं टेबल जपताना

मुळशीत पाऊस जोरात पडतो. जून ते सप्टेंबर हवेत सतत ओलावा असतो, लोकरीचं कापड तो शोषतं आणि बॉल जड वाटतात. शक्य असेल तर टेबलाची खोली कोरडी ठेवावी, खिडकीतून येणारा पाऊस टेबलापर्यंत पोहोचू देऊ नये आणि खेळ संपल्यावर त्यावर आच्छादन टाकावं. खडूचे कण मऊ ब्रशनं एकाच दिशेनं काढावेत. तिन्ही लाद्यांची पातळी वर्षातून एकदा तपासून घ्यावी.

माणच्या क्लबहाऊसांतली आणि घरांतली बरीच टेबलं आता जुनी होत चालली आहेत. ती विकून टाकण्याआधी एकदा उघडून पाहावीत, असं माझं मागणं आहे. स्लेट शाबूत असेल तर रबर, कापड आणि कडा बदलून टेबल आणखी अनेक वर्षं खेळतं राहतं. नवीन घेतलेलं टेबल अनेकदा यापेक्षा हलकं निघतं. पॉकेटची रुंदी मात्र खेळणाऱ्यांकडे पाहून ठरवावी. मुलं आणि नवखे जास्त असतील तर साडेचार ते पाच इंच, नियमित सराव असेल तर सव्वाचार, स्पर्धेची तयारी असेल तर चार. पॉकेट अरुंद झाल्यावर काही आठवडे गुण कमी मिळतील, हे खेळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं. त्या काळात जो हात हलका करायला आणि सोपा फटका निवडायला शिकतो, तो पुढे कुठल्याही टेबलावर उभा राहू शकतो. कारण त्यानं जे कमावलं ते रुंदीवर अवलंबून नसतं.