संग्रहालयातला इंटर्न: सांगण्याआधी विचारायचं

मंडळी, संग्रहालयाच्या शिक्षण विभागात इंटर्न नेमकं काय करतो, ते आज आपण पाहू. वस्तू जपणं हे अभिरक्षकाचं काम. त्या वस्तूंची आणि शाळेच्या मुलांची गाठ घालून देणं हे शिक्षण विभागाचं.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू आहेत. नवखा इंटर्न पाटी वाचून दाखवतो आणि मुलं पुढे सरकतात. त्याऐवजी ‘याला धार कुठे आहे? हात कुठे धरत असतील?’ असं विचारलं, की मुलं काचेपाशी थांबतात. एखादं म्हणतं, ‘आमच्या आजीकडे असाच आहे.’ आता इंटर्नने गप्प बसून ऐकायचं. कारण आपल्या घरातल्या वस्तूलाही मोल आहे, हे त्या मुलाला तिथेच उमगतं.

आपल्याकडच्या मुलाची अशी भेट कदाचित एकदाच होते. ती पाटी ऐकण्यात जाऊ नये. सगळ्यांना मुंबईला येणं जमत नाही, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. पण बसमध्येही प्रश्न विचारणारा माणूस लागतोच.

त्याचा सराव इथूनच करता येईल. लोणारचं दैत्यसूदन मंदिर आपल्याला जवळ आहे. एक शिल्प निवडा आणि तीन प्रश्न काढा. अट एकच: उत्तर पुस्तकात नव्हे, त्या दगडाकडे बघूनच सापडलं पाहिजे.