बँकेची नोकरी सांभाळून जेएआयआयबी: अभ्यासाला वेळ आणायचा कुठून?

बँकेत नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात आणि सगळ्यांना वाटतं, चला, परीक्षा एकदाच्या संपल्या. पण थोडे दिवस जातात आणि शाखेतलं कुणीतरी विचारतंच, "जेएआयआयबीचा फॉर्म भरलास का?" इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ साली सुरू झालेली संस्था ही परीक्षा घेते. पास झालात तर वेतनवाढ मिळते आणि पुढच्या सीएआयआयबीचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे परीक्षा ऐच्छिक असली, तरी टाळत बसलो की दर महिन्याच्या पगारात नुकसान आपलंच.

अडचण वेळेची. बँक चारला बंद होते हा समज बाहेरच्यांचा. आत कॅश जुळवायची असते, व्हाउचर तपासायची असतात, वरून आलेल्या टार्गेटचे फोन असतात. पोस्टिंग परराज्यात असेल, तर संध्याकाळी भाजी आणण्यापासून तिथली भाषा शिकण्यापर्यंत सगळं एकट्याने. साडेसात-आठला घरी पोचलेला माणूस पुस्तक उघडतो आणि त्याच पानावर झोपतो. म्हणून रात्रीच्या अभ्यासावर माझा फारसा विश्वास नाही. झोप कापून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी काउंटरवर चुकीची एंट्री करून वसूल होतो.

आधी कॅलेंडर बघा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिलीच्या आधी मार्च एंड येतो, दुसरीच्या आधी सप्टेंबरचं सहामाही क्लोजिंग आणि लगेच दसरा-दिवाळी. म्हणजे फॉर्म भरल्यावर सुरुवात करू म्हणणाऱ्याचे सगळ्यात महत्त्वाचे आठवडे आधीच बँकेने नाहीतर फराळाने घेतलेले असतात. मे महिन्यात बसायचं असेल तर जानेवारीतच सुरुवात हवी, आणि मार्चचे शेवटचे दोन आठवडे हिशेबात धरायचेच नाहीत.

आता हिशेब करू. सकाळी पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. जानेवारी ते एप्रिल या सतरा आठवड्यांतून मार्चचे दोन वजा केले की पंधरा उरतात, म्हणजे साधारण ५६ तास. सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. चार महिन्यांत असे आठ शनिवार. प्रत्येकी तीन तास दिले की आणखी २४. झाले ऐंशी तास. पेपर चार, म्हणजे एका पेपरला वीस. आणि यात एकही रात्र जागावी लागली नाही.

वीस तास कमी वाटतील, पण सगळे पेपर सारखे नसतात. अकाउंटिंगच्या पेपरला टेबल, कागद आणि कॅल्क्युलेटर लागतो. घसारा किंवा वर्तमान मूल्याची गणितं बसमध्ये उभ्याने होत नाहीत. सकाळचा ताजा वेळ त्यालाच द्या, विशेषतः कॉमर्स न केलेल्यांनी. भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरमधला बराच भाग वाचनाचा आहे, तो प्रवासात चालतो.

आणि बँकिंगच्या तत्त्वांचा पेपर? त्याचा बराचसा अभ्यास तुमच्या काउंटरवरच पडलेला असतो. आज चेक परत गेला, तर १८८१च्या कायद्यातलं कलम १३८ आजच बघा. चेक तीन महिन्यांत का वटवायचा, खातं ९० दिवसांनंतर एनपीए का होतं, ठेवीला पाच लाखांचंच विमा संरक्षण का, हे तर ग्राहकच रोज विचारतात. केवायसी अपडेट करायला आलेल्या आजोबांना "पुन्हा का?" याचं उत्तर देताना लक्षात राहतं की जास्त जोखमीच्या ग्राहकाला दोन वर्षं, मध्यमला आठ आणि कमी जोखमीच्याला दहा वर्षं. खिशात छोटी वही ठेवा. दिवसाला अशा दोन गोष्टी लिहिल्या, तरी महिन्यात पन्नासेक होतात, आणि त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

शनिवारचे तीन तास मात्र वाचनात घालवू नका, पेपर सोडवा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पारडं फिरलं. तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारेच पुढे होते. शिवाय इथे १०० प्रश्नांना दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा वेग वाचून येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

एक नियम नीट समजून घ्या. प्रत्येक पेपरात ५० गुण हवेत, पण एकाच प्रयत्नात चारही पेपर देऊन एकूण सरासरी ५० टक्के आली, तर एखाद्या पेपरात ४५लाही पास करतात. म्हणून अवघड वाटणारा पेपर पुढच्या वेळेला ठेवण्याचा सल्ला मी तरी ऐकणार नाही.

हे सगळं गणित घराच्या दाराशी अडतं, आणि बायकांचं जास्त. मुलगा परीक्षेला बसला की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. सून बसली की विचारतात, "मग डबा कोण करणार?" चोरून, सगळे झोपल्यावर अभ्यास करण्यापेक्षा सरळ बोललेलं बरं. "आई, मे महिन्यापर्यंत सकाळी साडेपाच ते सव्वासहा मला हाक मारू नका, चहा तेवढा तुम्ही टाका," असं वेळेसकट आणि मुदतीसकट सांगितलं तर बहुतेक घरं ऐकतात. नुसतं "मला अभ्यासाला वेळ मिळत नाही" म्हटलं, तर सहानुभूती मिळते, वेळ नाही. भाजी रात्री चिरून ठेवणं आणि पोळ्यांना चार महिने बाई लावणं, हा खर्च वेतनवाढीतून भरून निघतो. नवराही बँकेतलाच असेल तर दोघांनी एकाच वेळी बसायचं की आळीपाळीने, हे फॉर्म भरण्याआधी ठरवा. घरात लहान मूल असेल तर आळीपाळीनेच.

रजेचा अर्ज मात्र महिनाभर आधी मॅनेजरसाहेबांकडे देऊन टाका. शेजारच्या काउंटरवरचाही त्याच परीक्षेला बसलेला असतो.