जुनी गाडी पेट्रोल पिते? इंजिन खोलण्याआधी हे पाहा

उसाचे बिल जमा झाले किंवा कांद्याला बरा भाव लागला, की घरात गाडीचा विषय निघतो. नवी परवडत नाही म्हणून दहा-बारा वर्षांची जुनी चारचाकी दारात येते. पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात मालक म्हणू लागतो, "गाडी झकास आहे, पण पेट्रोल लई पिते!"

आमच्या ओळखीच्या एका ग्रामसेवक भाऊसाहेबांचे असेच झाले. विकणाऱ्याने अठराचे अॅव्हरेज सांगितले होते. गाडी बारा देत होती. महिन्याला ९०० किलोमीटर धरले तर ५० लिटरच्या जागी ७५ लिटर. शंभर रुपये लिटर धरले तरी महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला तीस हजार रुपये पाण्यात! गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून निकाल दिला, "भाऊसाहेब, इंजिन खोलावं लागतंय. चाळीस हजार धरून चाला."

नशीब, की त्यांनी आधी तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्रीचा पहिला प्रश्न होता, "अॅव्हरेज काढलं कसं?" भाऊसाहेब पेट्रोलच्या काट्यावर अंदाज बांधत होते. तो अंदाज खरा नसतो. टाकी फुल करावी, नळी आपोआप बंद पडेल तिथे थांबावे आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तसेच फुल करावे. धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. असे दोन-तीनदा करावे. मापाची शंका आली तर पंपावर पाच लिटरचे माप मागावे, तो ग्राहकाचा हक्क आहे. आधीच्या मालकाने मोठे टायर बसवले असतील, तर काटा धावल्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी तो ताडून पाहावा.

हिशेब नीट करूनही बारा-साडेबाराच आले. मग मिस्त्री चाकांकडे वळला. टायरमध्ये हवा वीसच्या आसपास होती. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर तीस लिहिलेली. हवा कमी, की गाडी जड. हवा टायर थंड असताना तपासावी.

पुढे ब्रेक. दहा किलोमीटर गाडी चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता उभी केली. चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर मागचे एक चाक इतरांपेक्षा तापलेले. जॅक लावून फिरवले तर ते अडत होते. हँडब्रेकची केबल गंजून चिकटलेली! म्हणजे भाऊसाहेब महिनाभर अर्धा ब्रेक लावूनच फिरत होते. (घरी जॅक लावताना बाकीच्या चाकांना दगड लावावेत, गाडीखाली शिरू नये.)

खरा चोर पुढेच सापडला. कितीही चालवली तरी तापमानाचा काटा वर चढत नव्हता. गाडी तापते म्हणून कोणीतरी पूर्वी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडे ही सर्रास चालणारी युक्ती आहे. पण इंजिन थंड राहिले, की गाडीतला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतच राहतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, पाणी पाहावे. थर्मोस्टॅट काढणे हा इलाज नव्हे.

धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि झिजलेले प्लगही बदलले. इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल तर स्कॅनर लावून घ्यावा. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तरी पेट्रोल वाढते. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पळत नसेल, तर क्लच घसरतो आहे. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर फिल्टर, टर्बोचे पाइप आणि नोझल तपासावेत. एवढे सगळे ठीक निघाले, तरच कॉम्प्रेशन तपासून इंजिनाचा विचार करावा.

भाऊसाहेबांची गाडी आता सोळा देते. इंजिनाला पाना लागला नाही. उरलेल्या दोनाचे काय? त्यातला काही भाग आपल्याच उसाचा आहे! आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकीचे अॅव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नमूद होते. तेवढी घट कोणताही मिस्त्री भरून देणार नाही. बाकीची गावातल्या गावात, थंड इंजिनावर मारलेल्या दोन-दोन किलोमीटरच्या चकरांत जाते.

म्हणून शेतकरी बंधूंनो, आधी वही, मग हवा, मग ब्रेक. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा बॉनेटची चकाकी पाहण्याआधी ती दहा किलोमीटर चालवा, तापमानाचा काटा पाहा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. बैल घेताना दात पाहतोच ना आपण?