अंधारखोलीपासून लॅपटॉपपर्यंत

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते आपल्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे. तेथे १८७० साली त्यांचा जन्म झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले त्यांचे स्मारक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. परंतु चित्रपटाकडे वळण्याआधी फाळके छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले आणि पुढे गोध्रा येथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला.

१९१२ साली विम्याच्या कागदांवर कर्ज काढून फाळके लंडनला गेले. पैसा मोजका होता. दुकानात शिरून दिसेल तो कॅमेरा त्यांनी उचलला नाही. 'बायस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांना ते भेटले, त्यांचा सल्ला घेतला आणि मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. त्याबरोबर फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्रही आणले. त्या काळी कोरी फिल्म भोकांशिवाय मिळत असे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोके पाडत, फिल्म धूत. कॅमेरा चित्र टिपतो, पण ते डोळ्यांसमोर येते अंधारखोलीत, हे या पतिपत्नींना पक्के ठाऊक होते.

आज ती अंधारखोली लॅपटॉपमध्ये आहे. समजा, तुमच्या वर्गातील एखादी मुलगी दहावी-बारावीनंतर छायाचित्रण शिकू लागली. अब्बांनी वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "बेटा, यात बसेल तो लॅपटॉप घे." महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात ती गेली, तर दुकानदार काय दाखवील? रंगीत दिवे लावलेला कीबोर्ड, चकचकीत झाकण, खेळांसाठीचे मोठे ग्राफिक्स कार्ड. यांतील कशाला पैसे द्यावेत? माझे उत्तर असे : आधी पडद्याला, मग रॅमला, मग साठवणीला. उरले तर बाकीच्याला.

प्रथम छायाचित्र म्हणजे काय ते पाहू या. मराठीत त्याला 'तसबीर' हा जुना शब्दही आहे, तो तुमच्या 'तस्वीर'चाच भाऊ. मात्र मराठीत तसबीर म्हटले की भिंतीवरची चौकटीतली आठवते. लॅपटॉपमधील तसबीर ठिपक्यांची असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. गुणाकार करा. दोन कोटी चाळीस लाख! प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन रंग असतात, आणि बारकाईने काम करायचे तर प्रत्येक रंगाला दोन बाइट जागा लागते. म्हणजे एका ठिपक्याला सहा बाइट, आणि एक चित्र उघडताच सुमारे १४४ एमबी रॅम व्यापली जाते. चित्रावर पाच थर चढवले की सातशे एमबीच्या वर. शिवाय विंडोज आणि इतर उघडे कार्यक्रम तीन-चार जीबी घेऊन बसलेले असतातच. म्हणून आठ जीबी रॅमवर काम कसेबसे चालते, सोळावर सुरळीत चालते. पैसे आज पुरत नसतील, तर निदान पुढे रॅम वाढवता येईल असा लॅपटॉप घ्यावा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य बोर्डावर कायमची जोडलेली असते, ती वाढत नाही. हे घेण्यापूर्वीच विचारावे.

कॅमेऱ्याची मूळ फाईल, जिला 'रॉ' म्हणतात, ती साधारण २५ ते ३० एमबीची असते. जेपेग फाईल लहान असते, मग हा भार का उचलावा? पांडवलेण्यांत उभे राहून बाहेरच्या उन्हाकडे कॅमेरा धरा. आतला दगड काळा, बाहेरचे आकाश पांढरेफटक. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे रॉ फाईलमधील काळोख हळूहळू उजळत नेला, की दगडावरचे छिन्नीचे घाव वर येऊ लागतात. जेपेगमध्ये त्या जागी राखाडी डाग उरतो. अंधारखोली म्हणतात ती हीच.

आता साठवण. दिवसात ४०० चित्रे काढली, तर दहा-बारा जीबी भरतात. २५६ जीबीच्या एसएसडीत विंडोज व इतर कार्यक्रम जाऊन १८० जीबी उरली, तर पंधरा-सोळा दिवसांत जागा संपेल. म्हणून ५१२ जीबी बरी. पण एसएसडी हवीच, कारण जुन्या फिरत्या डिस्कवर चारशे चित्रे एकामागून एक चाळताना जीव मेटाकुटीला येतो.

सर्वांत महत्त्वाचा पडदा, आणि दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते त्याच्याबद्दलच! स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदा 'टीएन' जातीचा पडदा असतो. तो थोडा मागेपुढे कलवला की रंग बदलतात. 'आयपीएस' पडद्यात तसे होत नाही. आणखी एक आकडा पाहावा. इंटरनेट व साध्या छपाईसाठी रंगांचे जे ठरलेले माप आहे, त्याला 'एसआरजीबी' म्हणतात. पडदा या मापाच्या शंभर टक्क्यांजवळ असावा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले असेल, तर तो पडदा एसआरजीबीचे सुमारे दोन-तृतीयांश रंगच दाखवतो, असे समजावे. अशा पडद्यावर लाल ओढणी फिकी दिसते. मग विद्यार्थिनी लाल वाढवत जाते, आणि छापून आल्यावर ओढणी भडक दिसते. शिकणाऱ्याला याचा दुप्पट तोटा होतो, कारण तिची नजर अजून घडते आहे आणि पडदा तिला रोज चुकीचा धडा देतो. माझ्या मते आय-फाइव्हऐवजी आय-थ्री घ्यावा लागला तरी चालेल, पण पडद्यात तडजोड नको.

यासाठी दुकानात जाताना स्वतःची दोन-तीन चित्रे पेनड्राइव्हवर न्यावीत. एक काळोखी, एक माणसाच्या चेहऱ्याची, एक गडद रंगांच्या कपड्याची. त्यांच्या चांगल्या छापील प्रतीही बरोबर असाव्यात. चित्र उघडून प्रतीशी ताडून पाहावे, पडदा कलवून पाहावा. दुकानदार घाई करू लागला, तर दुसरे दुकान आहेच.

पैसे अगदीच कमी असतील तर? वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप विकून टाकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतील नेहमीची नावे. ते मजबूत असतात, आणि बहुतेकांत रॅम व एसएसडी बदलता येते. मात्र एक खूणगाठ बांधा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे जुने लॅपटॉप पुष्कळ स्वस्त मिळतात, ते का हे आता कळले ना? एकाच मॉडेलमध्ये चांगले-वाईट दोन्ही पडदे आलेले असतात, म्हणून नावावर न जाता तोच लॅपटॉप उघडून पाहावा. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, याचा अहवाल विंडोज स्वतःच तयार करून देते. तो दुकानातच मागावा. पक्के बिल घ्यावे. हप्त्यांनी घेत असाल, तर 'बिनव्याजी' शब्दावर थांबू नका, प्रक्रिया शुल्क किती तेही विचारा.

ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवता येतात. खेळांना ते लागते, चित्रे सुधारण्याच्या साध्या कामाला त्याची फारशी गरज पडत नाही. सॉफ्टवेअरचा खर्चही टळतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाईलींसाठी, आणि गिंप हे थरांच्या कामासाठी, अशी तिन्ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येऊन चित्रेच नाहीशी होण्याची भीती असते.

वाचलेल्या पैशांतून बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क मात्र घ्यावी. लॅपटॉप पडतो, चोरीला जातो, त्यावर चहा सांडतो. २०१५ च्या सिंहस्थात गोदाकाठी कोणी काढलेली चित्रे अशी गेली असतील, तर ती पुन्हा काढायला त्याला बारा वर्षे थांबावे लागले असते. प्रत्येक चित्राची दुसरी प्रत त्या डिस्कवर ठेवावी, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. कपाटात ठेवावी, किंवा त्याहून बरे, खालाच्या घरी.