सकाळची ताडी, दुपारची ताडी

बिअरकडे चवीने बघायला आपल्याला पुण्याने शिकवलं. २००९ साली तिथे ‘डूलाली’ ही देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत ग्लास नाकाशी धरून ‘हिला संत्र्याच्या सालीचा वास आहे’ असं सांगणारी एक पिढीच तयार झाली. मी त्या पिढीतला. त्यातही माझा ओढा हलक्या पेल एलकडे. मद्यार्क तीन-साडेतीन टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि तरी पिणाऱ्याला पाणी प्यायल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे काम कडक बिअर बनवण्याहून अवघड आहे. मद्यार्क कमी झाला की अंग जातं, गोडवा उघडा पडतो आणि उकडलेल्या धान्याचा वास वर येतो. मग ब्रुअर ओट्स घालून अंग भरतो, हॉप्स अगदी शेवटी टाकून सुगंध वाढवतो, कधी मुद्दाम असं यीस्ट निवडतो की ज्याला माल्टोज ही जवाची मुख्य साखर खाताच येत नाही. यीस्ट अर्धपोटी राहतं, म्हणून मद्यार्क कमी होतो.

हे सगळं मला फार आवडतं. पण हलक्या, ताज्या, हातच्या पेयाची खरी शाळा आपल्याकडे पालघर जिल्ह्यात शतकानुशतकं भरते आहे आणि तिच्याकडे आपण चवीने बघितलेलंच नाही, असं माझं ठाम मत आहे. ती शाळा म्हणजे ताडी.

जव्हारला मी पहिल्यांदा गेलो तो बोहाडा बघायला. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव देवदेवतांचे मुखवटे नाचतात आणि रात्र सरते. जव्हारचं पठार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. इथे मान मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि हवेत त्याचा जड, गोड वास भरून राहतो. मोहाची दारू गाळून काढतात. ती कडक, ती भट्टीची विद्या. तिच्यावर कुणीतरी वेगळा लेख लिहावा. गाडी विक्रमगडकडे उतरू लागली, पुढे कासा, चारोटी, डहाणूची वाट लागली की शेताच्या बांधावर ताड दिसायला लागतात, आणि माझं मन तिथेच अडकतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. जव्हार हे मुकणे घराण्याचं कोळी संस्थान. १९४८ साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेलं आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यावर पालघरमध्ये आलं. इंग्रजांच्या मुलखात १८७८ च्या आबकारी कायद्याने ताडाच्या झाडावर सरकारचा हात पडला, १८९२ च्या मोहा कायद्याने फुलं बाळगण्यावरही बंधन आलं, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही ताडीला लागू आहे. परवाने, कर, छापे हा सगळा पसारा त्यातून आला.

आता झाडाकडे येऊ. ताडात नर आणि मादी ही झाडं वेगवेगळी. ताडगोळे येतात ते मादीला, ताडी मात्र दोघांचीही काढता येते. झाड लावल्यापासून फुलोऱ्यावर यायला बारा ते वीस वर्षं लागतात. म्हणजे आज ज्या झाडावर एखादा तरुण चढतो, ते त्याच्या बापाने किंवा आज्याने राखलेलं असतं. खोडाला उभा बांबू बांधलेला असतो आणि त्याच्या पेरांवर राखलेली खुंटं म्हणजे पायऱ्या. वर जाऊन फुलोऱ्याचे दांडे एकत्र बांधायचे, ठेचून नरम करायचे आणि टोकाची कागदाएवढी पातळ चकती कोयत्याने कापायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रोज. काप जाड झाला तर दांडा लवकर संपतो, फारच पातळ झाला तर जखम बुजते आणि रस थांबतो. कोयत्याला धार किती हवी, हे मी एका वारली आजोबांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पातं माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवून हळूच ओढलं, नखाचा भुगा वर आला, मग म्हणाले, “एवढी.”

दांड्याखाली मडकं टांगतात. रस झाडातून निघतो तेव्हा पाण्यासारखा नितळ असतो आणि त्यात दहा ते चौदा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर जंतूंना जम बसत नाही आणि रस गोडच राहतो. ती नीरा. चुना नसेल तर रस मडक्यात पडल्या क्षणापासून आंबायला लागतो, कारण कालच्या ताडीचं विरजण मडक्याच्या अंगातच असतं. म्हणून ताडीचं मडकं घासून लख्ख करत नाहीत.

माझा जीव ज्यात गुंतला आहे ती गोष्ट इथून सुरू होते. ब्रुअर किती टक्के हवेत ते ठरवून बिअर बनवतो. ताडीत टक्के ठरवतो तो सूर्य. पहाटे उतरवलेलं मडकं उजाडताना तोंडाला लावलं तर गोडवा पुढे असतो, मागून कोवळ्या ताडगोळ्याच्या पाण्याची चव येते आणि जिभेवर बारीक चुरचुर होते. मद्यार्क तेव्हा एक-दोन टक्के असेल. आठ-नऊ वाजता ती दुधट होते, कारण यीस्ट आणि जिवाणू लाखोंनी वाढून रसात तरंगत असतात. फेस चढतो, पिकल्या केळ्याचा वास येतो, गोडव्याच्या खालून दह्याची आंबट कड उमटते. माझ्या मते ताडी प्यायची ती याच वेळी. गोड, आंबट आणि फेस यांचा इतका नेमका मेळ मला कुठल्याही बाटलीत सापडलेला नाही. दुपारी गोडवा संपतो, मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर जातो, वासात यीस्टचा उग्रपणा येतो. कष्टाची कामं करणाऱ्या कित्येकांना तीच पसंत असते, त्यांना ती पोटभरीची वाटते. दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होतो आणि तोही वाया जात नाही.

पेल एलला कणा देते ती हॉप्सची कडवट चव. ताडीत कडू काहीच नाही, तिथे ते काम आंबटपणा करतो. म्हणून पेल एल पिणाऱ्याने ताडीत कडवटपणा शोधू नये. आंबटपणा किती स्वच्छ आहे ते बघावं. दह्यासारखा गोल लागला तर उत्तम, नाकात झोंबला तर वेळ टळून गेली.

ताडीत यीस्टच्या जोडीला झायमोमोनास नावाचा जिवाणू असतो. मेक्सिकोत घायपातीच्या जातीच्या झाडापासून पुल्के नावाचं पेय बनवतात, त्यात तो पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात सापडला. हाच जिवाणू इंग्लंडच्या एलमध्ये शिरला तर कुजकी सफरचंदं आणि नासक्या अंड्यांचा वास सोडतो, ब्रुअर त्याला शत्रू मानतात. त्यालाही माल्टोज खाता येत नाही. इंग्लंडात पिंपातल्या एलला फेस यावा म्हणून वरून साखर घालत, तेव्हा त्या साखरेवर तो माजायचा. ताडीत मात्र सगळी साखर त्याच्या आवडीची आहे, त्यामुळे तो झपाट्याने काम उरकतो आणि ताडी काही तासांत तयार होते. बिअरला तिथे दिवस लागतात. एका मुलखातला चोर दुसऱ्या मुलखात घरचा कारभारी असतो, हे मला सूक्ष्मदर्शकाखाली कळलं आणि त्यानंतर ताडीचा प्रत्येक घोट मी जास्त आदराने घेतला.

थोडं विषयांतर करतो. वारल्यांचा तारपा सुकवलेल्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा असतो. सुकवलेल्या भोपळ्यात ताडीही ठेवतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा ज्याने समोर बसून ऐकला असेल, त्याला त्या भोपळ्यात कोंडलेल्या श्वासाची ताकद सांगायला नको. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या आणि इतर वारली चितारांच्या चित्रांतही ताड आहे आणि त्यावर चढणारा माणूस आहे. त्या पांढऱ्या रेषांत खोड, बांबू, चढणाऱ्याचे वाकलेले गुडघे हे सगळं अचूक उतरलेलं असतं. ते काम रोज बघणाऱ्यालाच असं काढता येतं.

डहाणूला कोसबाड रस्त्यावर खादी आयोगाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला गजानन नाईकांचं नाव आहे. नीरा आणि ताडगूळ हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. ताडगूळ मी मिळेल तिथे विकत घेतो, नागलीच्या भाकरीबरोबर त्याला तोड नाही.

शहरातल्या ताडीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जी ताडी संध्याकाळी सातलाही गोड आणि फेसाळ असते, ती झाडाची असू शकत नाही. पाण्यात सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट नावाचं गुंगीचं रसायन कालवून बनवलेल्या ताडीने महाराष्ट्रात माणसं मेली आहेत. ज्या पेयाचा सगळा गुण त्याच्या अल्पायुष्यात आहे, ते ट्रकने शंभर किलोमीटर नेऊन विकायचं म्हटलं की भेसळ आलीच. त्यामुळे ताडी शहरात आणायच्या मी विरुद्ध आहे. ज्याला चव घ्यायची असेल त्याने झाडाखाली जावं, परवाना असलेल्याकडूनच घ्यावी आणि चढणाऱ्याला रास्त दाम द्यावा. ऐंशी फुटांवरून पडलेल्याला पुन्हा उभं राहता येत नाही, आणि पंचविशीतला मुलगा कारखान्याची पाळी सोडून झाडावर का चढेल, या प्रश्नाला आज पैशाशिवाय दुसरं उत्तर नाही.

जायचं तर हिवाळा सरताना जा. रात्री थंड असल्या की रस सावकाश आंबतो आणि सकाळची चांगली वेळ लांबते. एप्रिल-मेमध्ये तीच वेळ तासा-दीड तासावर येते. मुक्काम जव्हारला करा, अंधारात निघा, आठच्या आत झाडाखाली पोचा. स्टीलचा पेला नको, काचेचा न्या, दुधट रंग आणि फेस दिसायला हवा. आधी वास, मग लहान घोट, मग थोडं थांबून दुसरा. सोबत भाजलेलं सुकट आणि नागलीची भाकरी. पहिले काही थेंब जमिनीवर सोडतात तिथे तुम्हीही सोडा, आणि त्याच मडक्यातली ताडी अकरा वाजता पुन्हा एकदा चाखून बघा.