गाडी कोणत्या सालची?

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मोटारसायकलच्या शोरूममध्ये गेलात तर एकाच गाडीचे दोन भाव कानावर पडतात. एक नव्या सालच्या गाडीचा, दुसरा मागच्या सालच्या. दुसरा सांगताना विक्रेता आवाज जरा खाली आणतो. सवलत बहुधा खरी असते. ती पुरेशी आहे का, हे मात्र आपले आपणच काढायचे असते, आणि ते फारसे अवघड नाही.

त्याआधी समोरचा व्यवहार नेमका कोणता हे पाहायला हवे. कधी गाडी तीच असते, फक्त मागच्या वर्षी बनलेली. कधी कंपनीने मॉडेलच बदललेले असते आणि शोरूममध्ये आधीच्या मॉडेलचा माल उरलेला असतो. या दोहोंचा हिशेब वेगवेगळा आहे.

पहिला प्रकार घेऊ. डीलर गाड्या उचलतो तेव्हा कंपनीला पैसे चुकते करतो, आणि ते बहुतेक वेळा बँकेच्या कर्जातून. न विकलेली गाडी महिनोन्‌महिने व्याज खाते. त्यातच साल बदलले की गिऱ्हाईक तिच्याकडे पाठ फिरवते. म्हणून सवलत मिळते, आणि म्हणूनच पहिली सांगितलेली सवलत शेवटची मानू नये.

कायद्याच्या नजरेने तुमचे फारसे नुकसान नाही. नोंदणीची पंधरा वर्षे नोंदणीच्या तारखेपासून मोजतात आणि कंपनीची वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून. नुकसान होते ते विकताना. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल छापलेले असते, आणि जुन्या गाड्यांचा व्यापारी आधी तिथे बोट ठेवतो.

हे नुकसान किती, ते आजच्या जुन्या बाजारातच दिसते. गाडी तीन वर्षांनी विकायचा बेत असेल तर त्याच मॉडेलच्या तीन वर्षे जुन्या आणि चार वर्षे जुन्या गाड्यांचे भाव पाहा. समजा एक नव्वद हजाराला जाते आणि दुसरी ब्याऐंशी हजाराला. मधले आठ हजार ही तुमची किमान सवलत. त्याहून कमी मिळत असेल तर नवी गाडी घ्या. दहा वर्षे वापरायची असेल तर दहा आणि अकरा वर्षे जुन्या गाडीच्या भावातला फरक पाहा, तो अगदी किरकोळ निघेल. तेव्हा मागच्या सालची गाडी खुशाल घ्यावी. गाडी झिजेपर्यंत वापरणाऱ्याला सालाची भीती बाळगायचे कारणच नाही. सवलत मात्र बिलातल्या किमतीत हवी. फुकट हेल्मेट आणि सीट कव्हर म्हणजे सवलत नव्हे.

सालाइतकाच महत्त्वाचा असतो महिना, आणि तो विचारायचे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. डिसेंबरात बनलेली आणि जानेवारीत बनलेली गाडी यांत कागदावर एका सालाचे अंतर, प्रत्यक्षात काही दिवसांचे. मागच्या फेब्रुवारीत बनलेली गाडी मात्र जवळजवळ वर्षभर उभी आहे. दोघींवर सवलत सारखीच असेल तर डिसेंबरची गाडी मागावी.

महिना कळणार कसा? चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यातले दहावे अक्षर सहसा साल सांगते: ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. महिन्याची खूण मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या जागी ठेवते, म्हणून तर्क करत बसू नका. विक्रीचा दाखला असतो त्या फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि साल लिहावेच लागते. तीच माहिती पैसे देण्यापूर्वी मागा.

उभ्या गाडीचे काय होते तेही पाहायला हवे. सर्वांत आधी बॅटरी जाते. वापर नसला तरी ती हळूहळू उतरत राहते, आणि उतरलेल्या अवस्थेत फार काळ राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. मग चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ४२२४ म्हणजे २०२४ सालचा बेचाळिसावा आठवडा. एकाच जागी कमी हवेत उभ्या राहिलेल्या टायरला चपटेपणा येऊ शकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या गोदामात पावसाळा काढलेल्या गाडीची साखळी, स्पोक आणि सायलेन्सरचे जोड टॉर्च लावून नीट पाहावेत. यांतले काहीच गाडी नाकारण्याजोगे नाही, पण नवी बॅटरी आणि ताजे ब्रेक ऑइल मागायला पुरेसे आहे.

आता मॉडेल बदलले असेल तर. इथे सवलतीआधी बदल काय झाला ते पाहावे. नुसता नवा रंग आणि नवे स्टिकर असतील तर जुने घ्या, पैसे वाचवा. पण २०२१ च्या सप्टेंबरात रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० आली तेव्हा इंजिन आणि सांगाडा दोन्ही नवे होते. जुन्या गाडीची ओळखच असलेली थरथर बरीच कमी झाली होती. चाकणला बनणारी केटीएमची ३९० ड्यूक २०२३ मध्ये ३७३ सीसीवरून ३९९ वर गेली, तीही नव्या सांगाड्यासह. असा फरक काही हजारांच्या सवलतीने भरून निघत नाही.

मात्र नव्या मॉडेलच्या पहिल्या गाड्यांना आपला धोका असतो. त्याच क्लासिकच्या सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या २६,३०० गाड्या मागच्या ब्रेकच्या एका भागासाठी कंपनीने परत बोलावल्या. दुरुस्ती फुकट झाली, हे खरे. तरी घाई नसेल तर नव्या मॉडेलला सहा महिने द्यावेत, असे माझे मत.

नियम बदलताना तर तारीखच सर्वस्व ठरते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा देशात अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या, बहुतांश दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमसमोर रांगा लागल्या आणि अनेकांना गाड्या खरोखर स्वस्तात मिळाल्या. २०२० च्या मार्चमध्ये बीएस-४ ची मुदत संपताना टाळेबंदी आली, तेव्हा विकल्या गेलेल्या कितीतरी गाड्यांची नोंदणी अडकली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. म्हणून मुदतीच्या तोंडावर जुना माल घेताना आरटीओतली नोंदणी कोणत्या तारखेला होणार ते लेखी घ्यावे.

बुकिंगच्या पावतीवर नुसते मॉडेल आणि रंग लिहून देतात. तिथेच चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना आणि ठरलेली सवलत लिहून घ्या. ठरलेली सोडून दुसरीच गाडी समोर आली तर दाखवायला तेवढा एक कागद हाताशी असतो.